तीन फुटांवरून सिंगापूर

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. लेकीला तिथे टाचा टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि रेघ ओढून शेजारी तारीख लिहायची. सिंगापूरला निघायच्या आठवड्यात ओढलेली रेघ 89 सेंटिमीटरवर आहे. ती मुद्दाम मोजली होती, कारण सिंगापूरच्या मेट्रोत आणि बसमध्ये 90 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर फुकट प्रवास करतं. लेक तेव्हा पावणेतीन वर्षांची होती.

बेत आईला फोनवर सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अगं, एवढंसं पोर. तिला काय आठवणार आहे त्यातलं? चांगली पाच-सहा वर्षांची होऊ दे, मग जा.” आईचा प्रश्न रास्त होता. लहान मूल घेऊन परदेशी निघालेल्या जवळजवळ प्रत्येक घरात तो कुणी ना कुणी विचारतंच. त्याच्या उत्तराकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी त्या 89 सेंटिमीटरच्या रेघेने जे शिकवलं ते सांगायला हवं. शिंपी आधी माप घेतो आणि मग कापडाला कात्री लावतो. लहान मुलाबरोबरची सहलही अशीच बेतावी लागते. मुलाची उंची, कान, झोप, घाम, पोट आणि स्मरण यांची मापं आपल्यापेक्षा वेगळी असतात. ती आधी समजून घेतली तर सिंगापूरसारखं शहर मुलालाही भेटतं आणि आपल्यालाही.

आधी कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा असला तरी सगळ्यात आधी हातावेगळा करायचा. भारतात तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. लहान मुलाचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचाच मिळतो. अर्जासोबत ठरावीक नमुन्यात आईवडील दोघांची संमती द्यावी लागते. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच घेऊन जायचा असतो. फोटो घरीच, सकाळी मूल खेळकर असताना काढावा. गादीवर पांढरी चादर अंथरून मुलाला निजवलं आणि वरून फोटो घेतला की काम सोपं होतं.

भारतीय नागरिकांना सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटांमार्फत ऑनलाइन काढता येतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाची माहिती ऑनलाइन भरायची असते. तिला पैसे पडत नाहीत आणि मुलाचीही ती वेगळी भरावी लागते. आई किंवा वडील एकटेच मुलाला घेऊन जात असतील तर दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ असावी.

कानाला बसणारे दडे

मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे 3,900 किलोमीटर आणि थेट विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र आसन घ्यावं लागतं. त्याखालचं बाळ मांडीवर बसू शकतं. विमानात लहान मुलं रडतात ती बहुतेकदा उतरताना, आणि त्यामागे शरीराचं एक सरळ कारण असतं.

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असलं तरी आतला हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. तरीही तो साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच राहतो. कळसूबाई हे आपल्या राज्यातलं सर्वोच्च शिखर 1,646 मीटरचं. म्हणजे विमानातला प्रवासी दाबाच्या हिशेबाने कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. विमान उतरू लागलं की आतला दाब पुन्हा भराभर वाढतो. कानाच्या पडद्यामागे एक पोकळी असते आणि ती घशाला एका बारीक नळीने जोडलेली असते. आवंढा गिळला की ही नळी क्षणभर उघडते, हवा आत जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. नळी उघडली नाही तर पडदा आत ढकलला जातो. त्यालाच आपण कानाला दडे बसले म्हणतो. लहान मुलांमध्ये ही नळी अरुंद आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे ती सहज उघडत नाही. शिवाय मुलाला मुद्दाम आवंढा गिळायचं कळत नसतं.

त्यामुळे उपाय गिळायला लावण्याचाच. विमान टेकण्याआधी अर्धा तास उतरण सुरू होते तेव्हा मूल झोपलेलं असेल तर हळूच उठवावं, कारण झोपेत गिळणं कमी होतं. तान्ह्याला अंगावर पाजावं, मोठ्याला घोट घोट पाणी द्यावं. आम्ही लेकीला फुलपात्रातून पाणी दिलं आणि प्रत्येक घोटाला “गटक” म्हणायचा खेळ केला. विमान टेकेपर्यंत गटक-गटक चालू होतं. सर्दीने नाक चोंदलं असेल किंवा कान दुखत असेल तर मात्र निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं. सुजलेली नळी पाण्याच्या घोटानेही उघडत नाही.

झोपेचं घड्याळ भारतातच राहतं

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तासांनी पुढे आहे. त्यातही एक गंमत आहे. नकाशावर पाहिलं तर हे बेट पूर्व रेखांश 104 अंशांच्या जवळ आहे. सूर्याच्या हिशेबाने त्याची वेळ ग्रिनिचपेक्षा सुमारे सात तास पुढे असायला हवी. पण 1 जानेवारी 1982 रोजी मलेशियाबरोबर राहण्यासाठी सिंगापूरने आपली घड्याळं अर्धा तास पुढे सरकवली आणि तेव्हापासून ती आठ तास पुढे आहेत. विषुववृत्त जेमतेम सव्वा अंशावर असल्याने दिवस-रात्रीची लांबी वर्षभर जवळपास सारखी राहते. परिणामी सूर्य बाराही महिने सकाळी सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो.

आता यात मुलाचं घड्याळ बसवून पाहा. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर तो शरीराची झोप आणि जाग ठरवतो. देश बदलला म्हणून हे घड्याळ लगेच बदलत नाही. ते ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं. आमची लेक घरी रात्री साडेनऊला झोपते, म्हणजे सिंगापूरचे बारा. ती सकाळी सातला उठते, म्हणजे तिथले साडेनऊ.

हे माहीत असूनही दुसऱ्याच दिवशी मी चूक केली. उन्हाआधी मर्लायन पाहून घेऊ म्हणून तिला तिथल्या सातला उठवलं. तिच्या शरीराच्या लेखी तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. मर्लायन म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला सिंगापूरचा 8.6 मीटर उंच मानचिन्हाचा पुतळा. तो 1972 मध्ये उभारला गेला आणि तोंडातून पाण्याची धार सोडत असतो. आजूबाजूला मोकळा धक्का, सावली नाही. लेकीने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. फरशीवर फतकल मारून ती रडू लागली आणि अकरा वाजता आम्ही तिघं हॉटेलच्या खोलीत परत आलो होतो.

त्या दुपारी आम्ही बेत उलटा केला. पाच-सहा दिवसांच्या सहलीत मुलाचं घड्याळ बदलायच्या भानगडीत पडूच नये. ते भारताचंच ठेवावं आणि दिवस त्यावर बेतावा. पूर्वेकडच्या जवळच्या देशात हे फार सोयीचं पडतं. सकाळी मूल उशिरा उठतं, पण रात्री दहापर्यंत टवटवीत असतं. सिंगापूर तर संध्याकाळी खुलणारं शहर आहे. गार्डन्स बाय द बे या बागेतला दिव्यांचा आणि संगीताचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला होतो. रात्रीची प्राण्यांची सफारी संध्याकाळी सव्वासातनंतर सुरू होते. युरोपात याच्या नेमकं उलट होतं. उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असतं. इथे सातला उठणारं मूल तिथे पहाटे अडीचला टक्क जागं होतं आणि संध्याकाळी पाचपासून पेंगू लागतं. तिकडे जाताना संध्याकाळच्या कार्यक्रमांवर सरळ काट मारावी आणि पहाटेचा खाऊ उशाशी ठेवावा.

रोजचा वळीव

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारभर जमीन तापते, तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते, ढग दाटतात आणि संध्याकाळच्या सुमाराला वळीव कोसळतो. सिंगापूरमध्ये सूर्य वर्षभर जवळपास डोक्यावर असतो आणि चहूबाजूंनी समुद्र आहे. त्यामुळे हा वळीव तिथे कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. वर्षाला सुमारे 2,100 मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा मुंबईच्या पावसाच्या जवळपास जातो. फरक इतकाच, की मुंबई तो चार महिन्यांत रिचवते आणि सिंगापूर बारा महिन्यांत. दुपारचं तापमान 31 ते 33 अंश असतं. मुंबईकराला त्याचं काही वाटणार नाही, पण दमटपणा इतका की घाम वाळतच नाही.

मुलाला हा उकाडा आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्यामुळे बाहेरची उष्णता अंगात पटकन शिरते. घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, म्हणून ती बाहेर टाकणं जमत नाही. शिवाय बाबागाडीत बसलेलं मूल तापलेल्या फरशीच्या अगदी जवळ असतं. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी टाकण्याची आपली सवय धोक्याची आहे. आतली हवा कोंडते आणि तापत जाते. त्यापेक्षा छत्री धरावी, सावलीत थांबावं आणि तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी पाजावं. सिंगापूरमध्ये नळाचं पाणी थेट पिता येतं, त्यामुळे बाटली कुठेही भरून घेता येते. ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध आणि मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा हातातल्या पिशवीतच ठेवावी. तिथे डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. म्हणून बागांमध्ये अंगभर सुती कपडे बरे.

आणि इथे घड्याळाचा हिशेब पुन्हा कामी आला. लेकीची दुपारची झोप घरी एकला असते, म्हणजे तिथल्या साडेतीनला. विजा चमकायच्या, काचेवर पाण्याचे लोट यायचे आणि ती पंख्याखाली पालथी झोपलेली असायची. साडेपाचला उठली की बाहेर धुतलेले रस्ते आणि गार वारा. पुढचे सगळे दिवस आम्ही असेच घालवले. उशिरा सकाळी सावलीतलं एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी दुसरं ठिकाण. दिवसाला दोनच ठिकाणं. यादीतली निम्मी नावं गळाली, पण जी उरली ती नीट पाहून झाली.

गजांशिवायचे प्राणी

पाचव्या दिवसापर्यंत लेकीचं घड्याळ थोडं सरकलं होतं. ती आठला उठली, म्हणून तो दिवस प्राणिसंग्रहालयासाठी ठेवला. बेटाच्या उत्तरेला मंडाई भागातलं हे संग्रहालय 1973 साली सुरू झालं. श्रीलंकेतल्या देहिवला प्राणिसंग्रहालयाचे लिन डी अल्विस यांनी त्याच्या आखणीत मार्गदर्शन केलं होतं. इथे बहुतेक प्राण्यांपुढे गज दिसत नाहीत. प्राणी आणि माणूस यांच्यामध्ये खंदक असतो, कुठे कोरडा तर कुठे पाण्याचा, आणि झाडोऱ्यामुळे तो नजरेआड राहतो. खंदक किती रुंद आणि किती खोल ठेवायचा हे तो प्राणी किती लांब आणि उंच उडी मारतो यावर ठरतं. ओरँगउटानसारख्या मोठ्या वानरांना सहसा पोहता येत नाही, त्यामुळे त्यांना पाणी पुरतं.

मोठ्यांना ही रचना मोकळी वाटते, पण ती नेमकी कुणासाठी आहे हे मला लेकीशेजारी उकिडवं बसल्यावर कळलं. तीन फुटांवरून जग पाहणाऱ्याला कठडा हीच भिंत असते. आपण वाकून “तो बघ वाघ” म्हणतो तेव्हा तिला लोखंडी दांडी आणि लोकांचे गुडघे दिसत असतात. जिथे जमिनीपर्यंत काच आहे किंवा जिथे कठडा सखल आहे, तिथे ती पंधरा पंधरा मिनिटं थांबली. ओरँगउटान डोक्यावरच्या फांद्यांवरून दोरांना लोंबकळत जात होते. एका मादीच्या पोटाला पिल्लू घट्ट चिकटलेलं होतं. लेक बराच वेळ पाहत राहिली आणि मग काही न बोलता माझ्या कडेवर चढून तशीच चिकटली. याच संग्रहालयातली अह मेंग ही ओरँगउटान मादी एके काळी साऱ्या देशाची लाडकी होती. 2008 मध्ये ती गेली तेव्हा तिला निरोप द्यायला हजारो लोक आले होते.

प्राण्यांनंतर झाडं. गार्डन्स बाय द बे ही बाग 2012 साली खुली झाली. तिथले 18 ‘महावृक्ष’ 25 ते 50 मीटर उंच आहेत. पोलादी सांगाड्यावर वेली आणि नेची वाढवलेली. ते नुसते शोभेचे नाहीत. काहींच्या माथ्यावर सौर पट्ट्या आहेत, तर काही बागेतला पालापाचोळा आणि लाकूड जाळून चालणाऱ्या यंत्रणेचं धुराडं म्हणून काम करतात. त्या ऊर्जेवर तिथली काचघरं गार राहतात. एका काचघरात 35 मीटर उंचीचा हिरवा डोंगर आहे आणि त्यावरून धबधबा पडतो. बाहेरच्या उकाड्यातून आत शिरलं की थेट आंबोलीच्या धुक्यात आल्यासारखं वाटतं. याच परिसरात मुलांसाठी पाण्याच्या खेळांची बाग आहे आणि ती मोफत आहे. कोरड्या कपड्यांचा जोड मात्र बरोबर न्यायला हवा.

पोटाची सोय

मुलांचं परदेशात हटकून बिघडतं ते पोट. अनेकदा त्याचं कारण अन्न नसून वेळ असते. भूक लागून गेल्यावर समोर आलेलं ताट मूल नाकारतं. सिंगापूरमध्ये ही अडचण हॉकर सेंटरांनी सोडवली आहे. एके काळी इथेही रस्त्यांवर खाद्यपदार्थांच्या गाड्या होत्या. 1970च्या दशकापासून सरकारने त्या फेरीवाल्यांना टप्प्याटप्प्याने नळ, सांडपाणी आणि छप्पर असलेल्या मंडईत गाळे दिले. आज अशी शंभरावर केंद्रं आहेत आणि 2020 मध्ये युनेस्कोने या संस्कृतीची नोंद मानवाच्या अमूर्त वारशात केली. ऑर्डर दिल्यावर पाच-दहा मिनिटांत गरम अन्न समोर येतं. चिमुरड्याच्या भुकेला तेवढीच मुदत असते.

लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये इडली, डोसा आणि दहीभात सहज मिळतो. दहीभात पाहिल्यावर लेकीने दोन दिवसांची कसर भरून काढली. शाकाहारी कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं. भाजीच्या किंवा नूडल्सच्या रश्श्यात कोळंबीची चटणी असू शकते. नुसतं ‘शाकाहारी आहे का’ म्हणण्याऐवजी त्यात मासे-कोळंबी आहे का हे स्पष्ट विचारावं. तिथे रिकाम्या टेबलावर रुमालांचं छोटं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरून ठेवलेली असते. आपणही तसंच करावं, म्हणजे मुलाला कडेवर घेऊन जागा शोधत फिरावं लागत नाही. जेवून झाल्यावर ट्रे परत नेऊन ठेवणं बंधनकारक आहे. आमच्याकडे ते काम लेकीने मोठ्या अभिमानाने केलं, एका वेळी एक चमचा.

मेट्रोत खाणंपिणं मात्र पूर्ण बंद. 500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तो मोठ्यांच्या चॉकलेटला लागू आहे तसाच मुलाच्या पाण्याच्या बाटलीलाही. म्हणून आत शिरण्याआधी बाहेरच पाणी पाजायचं आणि बाटली पिशवीच्या तळाशी ठेवायची. खासगी गाडीने फिरताना 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे. रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरून मागवलेल्या खासगी गाडीला नाही. उंचीचं माप इथेही येतं. आणि दररोज सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढावा. मनगटावर देशाच्या क्रमांकासह आपला फोन नंबर बांधावा. मूल हरवलंच तर सांगायला नेमकं वर्णन हाताशी असतं.

चालक नसलेली गाडी

सिंगापूरमधल्या एका ठिकाणाला वेगळं तिकीट नव्हतं आणि ते आमच्या यादीतही नव्हतं. लेकीला मात्र तेच सगळ्यात जास्त आवडलं. ते ठिकाण म्हणजे मेट्रोच्या ईशान्य मार्गावरच्या गाडीची समोरची काच.

2003 साली सुरू झालेला हा मार्ग पूर्णपणे भुयारी आहे आणि गाड्यांना चालक नाही. चालकाची खोलीच नसल्यामुळे पहिल्या डब्याच्या अगदी टोकाला प्रवासी उभे राहू शकतात. समोर मोठी काच आणि पलीकडे थेट बोगदा. लिटल इंडिया, चायनाटाउन आणि सेंटोसा बेटाकडे जाण्याचं हार्बरफ्रंट ही स्थानकं याच मार्गावर असल्याने आमची रोज इथूनच ये-जा होती. पहिल्या दिवशी तिला काचेपाशी उभं केलं. अंधार. मग दूरवर एक ठिपका. ठिपक्याचं चौकोनी भोक झालं, भोकाचं स्थानक झालं, फलाटाची काचेची दारं नेमकी गाडीच्या दारांसमोर येऊन थांबली. पुन्हा अंधार. तिसऱ्या स्थानकापासून ती ठिपका दिसायच्या आधीच “आता येणार” म्हणू लागली. चायनाटाउनला उतरायला तिने साफ नकार दिला आणि आम्ही शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन परत आलो.

मोठ्यांना हे हट्ट वाटतात. पण दोन-तीन वर्षांच्या मेंदूसाठी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहणं हाच अभ्यास असतो. पुढे काय होणार याचा अंदाज बांधायचा आणि तो बरोबर ठरतो का ते पडताळायचं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. इतरांना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, पण नवे शब्द तेवढ्याच वेळा ऐकवले. नवे शब्द अधिक चांगले शिकली ती तीच गोष्ट ऐकणारी मुलं. रोज नवं ठिकाण हा मोठ्यांचा आनंद. काल पाहिलेलं आज ओळखीचं निघणं हा मुलाचा आनंद. सहलीत दोघांसाठी जागा ठेवायला हवी.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही बोटॅनिक गार्डनला गेलो. 1859 साली उभारलेली ही बाग 2015 पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि तिचा मोठा भाग विनाशुल्क पाहता येतो. तिच्या आत जेकब बल्लास यांच्या नावाने मुलांची वेगळी बाग आहे. तिथला नियम असा, की मोठ्या माणसाला बरोबर लहान मूल असेल तरच प्रवेश मिळतो. सहा दिवस आम्ही तिला सगळीकडे नेत होतो. इथे तिच्यामुळे आम्हाला आत सोडलं. मी तिला ते समजावून सांगितलं. तिला किती कळलं ठाऊक नाही, पण तिने माझं बोट धरलं आणि “चल आई” म्हणून ती पुढे निघाली.

तिला काय आठवणार?

आईच्या प्रश्नाला विज्ञानाचं उत्तर असं, की जवळजवळ काहीच नाही. मोठ्या माणसांना आठवणारी सगळ्यात जुनी घटना सरासरीने तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं पुसलं जातं. नवल म्हणजे मूल लहान असताना त्याला बरंच आठवत असतं. पॅट्रिशिया बाऊर आणि मरीना लार्किना यांनी अमेरिकेत मुलांचे तिसऱ्या वर्षातल्या घटनांबद्दलचे संवाद नोंदवून ठेवले आणि पुढे वेगवेगळ्या वयात त्यांना त्याच घटना विचारल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात 5 ते 7 वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक घटना आठवत होत्या. 8-9 वर्षांच्या मुलांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली आलं. त्याच वर्षी टोरंटोच्या पॉल फ्रँकलँड आणि शीना जोसलिन यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांतून एक कारण पुढे आणलं. आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागात लहानपणी नव्या पेशी झपाट्याने तयार होतात आणि त्या जोडल्या जाताना जुन्या जोडण्या विस्कटतात.

पण या संशोधनाला दुसरी बाजू आहे. कोणत्या आठवणी टिकतात हे बरंचसं घरातल्या बोलण्यावर ठरतं. रॉबिन फिवश आणि न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या एलेन रीस यांनी वर्षानुवर्षं आई आणि मुलांचं बोलणं अभ्यासलं. ज्या घरात झालेल्या गोष्टींबद्दल ‘मग काय झालं’, ‘कोण होतं तिथे’, ‘तुला काय वाटलं’ असे मोकळे प्रश्न विचारले जातात आणि मुलाच्या तुटक उत्तराला आणखी तपशील जोडले जातात, त्या घरातल्या मुलांच्या आठवणी अधिक भरीव असतात. नुसते फोटो काढून ठेवल्याने हे होत नाही. ते फोटो घेऊन बोलत बसावं लागतं.

हे आमच्या घरात माझ्याआधी आईनेच सुरू केलं. परतल्यावर पहिल्याच फोनवर तिने नातीला विचारलं, “काय गं, गाडी कोण चालवत होतं?” “कुणीच नाही!” “मग ती थांबायची कशी?” लेकीने ठिपक्यापासून सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात आईने पुन्हा तेच विचारलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मधल्या एखाद्या स्थानकाचं नाव आई मुद्दाम विसरायची आणि लेक ते दुरुस्त करायची.

त्याला आता दोन वर्षं होतील. चौकटीवरची नवी रेघ एक मीटर पाच सेंटिमीटरवर आहे. मर्लायनचा फोटो दाखवला तर लेक तो कुणाचा म्हणून विचारते. पण रविवारी फोन आला की ती आजीला बोगदा सांगते. आधी काळोख, मग ठिपका, मग भोक, मग दारं. आई कधी सिंगापूरला गेलेली नाही, तरी ठिपका कुठे दिसतो ते तिला आता ठाऊक आहे. परवा लेक सांगता सांगता एका जागी अडली, तेव्हा पलीकडून आईच म्हणाली, “अगं, आता येणार ना?”